बारवेची पश्चिम बाजू

उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली नसती, तर निकिताला ती बारव कधी दिसलीच नसती.

निकिता बसमध्ये कंडक्टर होती. त्या दुपारी ईटहून भूमला निघालेली तिची गाडी माळावर अडली. पुढं रस्ताभर ऊस पसरला होता आणि ट्रॅक्टरवाला मोबाईल कानाला लावून कुणाकुणाला बोलवत होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. प्रवासी खाली उतरले, बायकांनी लिंबाच्या सावलीत भाकरी सोडल्या. बॅग खांद्याला तशीच ठेवून निकिता आडोसा शोधत वेड्या बाभळींच्या दाटीत शिरली आणि तिथं तिच्या चपलेखाली घडीव दगड लागला.

तिनं पायानं गवत बाजूला केलं. पायरी होती. खाली आणखी एक पायरी, मग पुढं सगळा गाळच. कडेच्या चिऱ्यावर हंसांची रांग कोरलेली होती. एकाची मान तुटली होती, बाकीचे धड होते. निकितानं बोटानं माती खरवडून एकेक हंस मोकळा केला. हातात काटे रुतले, तेही तिला गाडी सुटायच्या वेळी कळलं.

समोर टेकाडामागं पाखरवाडी होती. तिचं गाव. शाळेत असताना याच माळावर ती मेंढरांमागं हिंडली होती, बोरं वेचली होती. आणि या पायऱ्यांबद्दल तिला कधी कुणी काही बोललं नव्हतं.

सुट्टीला घरी गेल्यावर तिनं वडलांना विचारलं. श्रीमंत मेंढरं वाघुरीत कोंडत होते. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती खुंट्यांवर लावायची जाळी.

"आबा, माळावर बाभळीत पायऱ्या हायत. कशाच्या वो त्या?"

"ती व्हय? बारव हाय जुनी. आमच्या बापाच्या टायमालाच बुजली व्हती."

"मग कुणी उकरली कशी न्हाय?"

"कुणाला येळ हाय? आन् हाय काय तितं बघायला?"

श्रीमंतांनी हे सहज म्हटलं होतं. पण निकिताला ते लागलं. हाय काय तितं? तिनं ठरवलं की आधी आपणच बघायचं.

त्यानंतर तिची प्रत्येक सुट्टी माळावर जाऊ लागली. आई दैवशाला सकाळी भाकरी आणि ठेचा बांधून द्यायची आणि दर वेळी तेच विचारायची, "अगं, तुझं काय हरवलंय का माळात?" निकिता हसायची आणि निघायची. बालाघाटाच्या या उतारावर कुसळी गवत, तरवड आणि हिवराची झाडं. लांबून बघणाऱ्याला ओसाडच वाटणार. पण सकाळी लवकर गेलं की चिंकारे दिसायचे, शेपट्या हलवत, थांबत, परत पळत. एका ओढ्याच्या काठाला खोकडाचं बीळ होतं. हिवाळ्यात भोवत्या पक्षी गवतावरून इतके खाली उडत जायचे की त्यांची सावली आणि ते एकमेकांना चिकटल्यासारखे दिसायचे. एका शेताच्या बांधावर वीरगळ सापडला. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. त्याच्यावर शेतकऱ्याची बायको धुणं आपटत होती. निकितानं तिला काही शिकवलं नाही, नुसतं म्हणाली, "वहिनी, जरा बगा तर ह्यो घोडा." ती बाई खाली वाकली, पाण्यानं दगड पुसून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बया. म्या रोज ह्याच्या तोंडावर साबण मारतीय."

तेरला जुन्या वास्तू बघायला माणसं नेणारे आण्णासाहेब नावाचे एक निवृत्त शिक्षक होते. निकितानं त्यांचा नंबर मिळवला आणि फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला.

"बाई, ही बारव यादवकाळातली असावी. प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण एवढी मोकळी झाली तर मी माणसं घेऊन येतो. धाराशिवची येतील, सोलापूरची येतील."

"मोकळी करते," निकिता म्हणाली.

"तुम्ही एकट्या?"

"न्हाय. गाव करंल."

गाव काही लगेच तयार झालं नाही. पहिल्या ग्रामसभेत कुणी ऐकूनच घेतलं नाही, नळाच्या पाइपलाइनीवरून भांडणं चालली होती. दुसऱ्या सभेत एकानं विचारलं की बारव उकरून सोनं निघणार आहे का. सगळे हसले. निकितानं हसणं संपू दिलं आणि पुन्हा बोलायला उभी राहिली. सरपंच प्रेमाबाई तिच्याकडं बघत होत्या. सभा संपल्यावर त्यांनी पदर खोचला.

"चल, दाखीव मला. बघितल्याबिगर म्या कशालाच व्हय म्हणत न्हाय."

दोघी उन्हातून चालत गेल्या. प्रेमाबाईंचं वय साठीला टेकलं होतं, गुडघे दुखत होते, तरी वाटेत त्या कुठं बसल्या नाहीत. बारवेशी आल्यावर त्यांनी हंसांवरून हात फिरवला.

"म्या लगीन होऊन आले तवा आमची सासू म्हणायची, माळावरचा म्हादेव पाण्यात बसलाय. मला वाटायचं, म्हातारी काय बी बोलती." त्यांनी गाळाकडं बघितलं. "आतच असंल का गं त्यो?"

"उकरल्याबिगर कसं कळंल, काकू?"

"मग उकरू. शिवरात्रीला हितं दिवा लागला पायजे."

प्रेमाबाईंनी मनावर घेतल्यावर गाव हललं. संक्रांत झाली आणि काम सुरू झालं. पुरुषांनी कुऱ्हाडी घेऊन बाभळी तोडल्या, बायकांनी घमेल्यांची रांग धरली. प्रेमाबाईंचा पुतण्या उमाशंकर जेसीबी आणतो म्हणाला. निकितानं साफ नाही म्हटलं.

"अक्का, एका दिसात काम व्हईल."

"एका दिसात चिरं बी फुटतील, उमा. हातानंच काढायचं."

उमाशंकर कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी टिकाव घेऊन तोच सगळ्यात आधी आला. त्याची वस्ती बारवेपासून जवळच होती. तो, त्याची बायको आणि नुकतीच चालायला लागलेली मुलगी. शिवरात्रीला माणसं येणार म्हटल्यावर त्यानं वस्तीवर चहा-भज्यांचा स्टॉल लावायचंही ठरवून टाकलं होतं.

पूर्वेकडच्या पायऱ्या एकेक करून वर आल्या. एका देवळीत पालथी पडलेली मूर्ती निघाली, तोंड झिजलेलं, पण हातातली माळ स्पष्ट दिसत होती. लोक संध्याकाळी कामावरून परस्पर बारवेकडं यायला लागले. बघायला आलेला माणूस घमेलं उचलल्याशिवाय परत जायचा नाही. निकिता गाडीवर असली तरी प्रेमाबाई तिला फोनवर सांगायच्या, "आज कमानीचा दगड लागला बग." आण्णासाहेबांनी मिनीबस ठरवली.

मग ज्वारी काढणीला आली आणि काम थांबलं. ते थांबणारच होतं. सगळं गाव रानात गेलं. बारवेकडं काही दिवस कुणी फिरकलं नाही.

त्याच दिवसांत श्रीमंतांच्या कळपातलं एक कोकरू गेलं. दिवसाढवळ्या, ओढ्याच्या वळणावर. कुत्री भुंकत धावली तोवर लांडगा गवतात नाहीसा झाला होता. कोकरू पहिलटकरणीचं होतं, श्रीमंतांनी बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. ते संध्याकाळी जेवले नाहीत.

सुगी आटपत आल्यावर काम पुन्हा सुरू करायचं ठरलं. त्या दिवशी निकिता सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता बारवेवर पोचली. आता पश्चिमेची बाजू उकरायची होती. तिथं एक ओवरी ढासळून पोकळी झाली होती आणि बाहेरच्या बांधाकडून तिला भगदाड पडलं होतं. निकिता बांधावरून खाली बघायला वाकली आणि थांबली.

भगदाडाच्या तोंडाशी मऊ मातीत पंजांचे ठसे होते. एक हाड पडलं होतं, त्याला लोकर चिकटलेली. आणि आतून बारीक आवाज येत होता. कुत्र्याच्या पिल्लांसारखा, पण जरा घोगरा.

ती श्वास धरून मागं सरकली आणि हिवराच्या खोडाआड बसली. ऊन पायऱ्यांवर उतरलं तशी चार पिल्लं बाहेर आली. काळपट, मोठ्या डोक्याची, पायांवर नीट उभं राहता न येणारी. एकानं दुसऱ्याचा कान धरला. तिसरं घमेल्याशी गेलं, कुणीतरी विसरलेलं घमेलं, आणि त्यात पडलं. निकिताला हसू आलं. तिनं मान वर केली तर समोरच्या टेकाडावर लांडगीण उभी होती. बारीक, लांब पायांची, माळाच्याच रंगाची. ती निकिताकडं बघत होती. गुरगुरली नाही, पळालीही नाही.

निकिता उठली आणि हळूहळू उलट्या पावलानं वाटेला लागली. वाटेत माणसं भेटली, टिकाव-फावडी घेऊन येणारी. तिनं सगळ्यांना माघारी फिरवलं. "आज काम न्हाय. सांगते मागनं." कारण विचारणाऱ्यांना तिनं उत्तर दिलं नाही.

हे लपवून ठेवता येणार नव्हतं. आज ना उद्या कुणीतरी बघणारच, आणि मग कुणी आधी धूर करील आणि नंतर सांगील. सांगायचं तर आपणच सांगायचं, सगळ्यांसमोर. पण त्याआधी एका माणसाला सांगणं भाग होतं.

श्रीमंत मेंढरं सोडायच्या तयारीत होते.

"आबा, बारवेत लांडगिणीची पिल्लं हायत."

त्यांचे हात थांबले. "कुठल्या बाजूला?"

"मावळतीच्या."

"माझं कोकरू तितंच गेलं म्हणायचं."

"व्हय. हाड बघितलं म्या."

खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. श्रीमंतांनी काठी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मग मला कशाला सांगतीस? पिल्लं वाचवायची म्हणशील."

"व्हय."

"आन् माझी मेंढरं?"

"ती बी. वाघूर जुनी झालीय, म्या नवी आणते. रजा काढते. दिसा म्या कळपासंगं राहते."

"किती दिस?"

"पिल्लं जाईस्तवर."

श्रीमंत मेंढरं सोडून निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी निकिताशी बोलणं टाकलं.

निकितानं वन खात्याच्या गार्डबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. काम बंद होतं म्हणून लांडगिणीनं पिल्लं तिथं आणली असावीत, त्या म्हणाल्या. जवळ जाऊ नका, हात लावू नका. शिमग्याच्या आसपास पिल्लं आईमागं हिंडायला लागतील, मग ती आपणहून जागा सोडतील.

शिमगा शिवरात्रीनंतर होता.

सायंकाळी मारुतीच्या पारावर लोक जमले. निकितानं बघितलेलं सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. कोकराचं हाडसुद्धा. एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, पिल्लं उचलून लांब सोडू. कुणी म्हणालं, फटाके लावू. उमाशंकर उठून उभा राहिला.

"अक्का, माझी वस्ती तितनं हाकेवर हाय. पोरगी अंगणात खेळती. उद्या काय झालं तर तू येणार का बघाया?"

त्याच्या आवाजात राग होता, पण रागाखाली भीती होती, आणि ती निकिताला कळली.

"तुझं म्हणणं खरं हाय," ती म्हणाली. "तुझ्या अंगणाला कूड न्हाय. शेळ्यांच्या गोठ्याला दार न्हाय. ते आदी करू. उद्याच करू. म्या येते."

"आन् बारव? शिवरात्रीला माणसं यायचीत. तूच बोलावलीस."

प्रेमाबाई म्हणाल्या, "निके, ह्या बारवेपायी तू गावाच्या दारोदार फिरलीस. आता गाव तयार झालंय तर तूच नगं म्हणतीस. लोकांनी काय समजायचं?"

"काकू, बारव इतकी वर्सं मातीखाली राहिली. अजून एक म्हैना राह्यली तर तिचं काय जाणार हाय? पिल्लांचं सगळंच जाईल."

"कायदा काय म्हनतो?" मागून कुणीतरी विचारलं.

लांडगा मारणं गुन्हा आहे, हे निकिताला माहीत होतं. गार्डबाईंनी तसं स्पष्ट सांगितलंही होतं. "कायद्यानं गुन्हा हाय," ती म्हणाली, "पण म्या तुमाला पोलिसाचं भ्या घालाया उभी न्हाय राह्यले. भ्यानं थांबलेला माणूस पाठ फिरली की उलटं करतो. उगवतीकडचं काम तेवढं करू नि मावळतीकडं पाडव्यापर्यंत कुणी जायचं न्हाय, एवढंच मागते."

निर्णय झाला नाही. सभा तशीच विस्कटली.

दुसऱ्या दिवशी निकिता रजेचा अर्ज देऊन उमाशंकरच्या वस्तीवर गेली. तुराट्या आणि तोडलेल्या बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या आणि कूड घालायला लागली. उमाशंकर घरात नव्हता. त्याच्या बायकोनं आधी लांबूनच बघितलं, मग ती सुतळी घेऊन आली. दोघींनी मिळून अंगणाला कूड घातला. पुढच्या दिवशी गोठ्याला जुन्या पत्र्याचं दार बसवलं. बिजागरी बसेना तेव्हा उमाशंकरनंच हातोडी हातात घेतली.

दुपारच्या वेळी ती वडलांच्या कळपाबरोबर असायची. श्रीमंत पुढं, ती मागं. बोलणं नाही. तिनं नवी वाघूर आणली, दुहेरी लावली. श्रीमंतांनी खुंट्या स्वतः ठोकल्या, तिनं ठोकलेल्या त्यांना पसंत नव्हत्या. आई दोघांच्या मधे भाकरीचं फडकं सोडायची आणि आभाळाकडं बघून म्हणायची, "घरात एक येडं परवडतं. दोन लई झाली."

शिवरात्र जवळ आली तशी गावात चुळबुळ वाढली. आण्णासाहेबांना निकितानं खरं ते सांगून टाकलं.

"अरेरे," ते म्हणाले. "लोक पूर्ण बारव बघायला म्हणून तयार झालेत. पुढच्या वर्षी ठेवूया का?"

"न्हाय सर. ह्याच वर्षी या. कमी या, पण या. अर्धी बारव दाखवते नि सगळा माळ दाखवते."

"बरं. जेवढे येतील तेवढ्यांना आणतो."

त्याच दुपारी दैवशालाचा फोन आला. "निके, उमाशंकर ट्रॅक्टरात कडबा भरून बारवेकडं गेलाय. संगं दोघं हायत."

निकिता कळप वडलांवर सोडून पळत सुटली. पोचली तेव्हा बांधावर कडब्याच्या पेंढ्या उतरवलेल्या होत्या, भगदाडाच्या अगदी वर. उमाशंकरच्या हातात काडेपेटी होती. दोघं जोडीदार जरा मागं उभे होते.

"उमा!"

"काल शेळी बुजली माझी. दाव्याला हिसडं मारून गळा कापला तिनं. पोरगी रातभर रडत व्हती. मला जाळायचं न्हाय काय, नुसता धूर करतो. जातील निघून."

"आत बारकी हायत. धुरानं मरत्याल. आई परत येणार न्हाय."

"बाजूला हो अक्का."

निकितानं आजूबाजूला बघितलं. हिसकायला गेली असती तर तिघांपुढं तिचं काही चाललं नसतं. ती कडब्याच्या ढिगाऱ्यावर चढली आणि मांडी घालून बसली.

"ऊठ."

"न्हाय उठत."

"अगं ऊठ की. हे काय लावलंस?"

"बसले. तुला पेटवायचं तर मला खाली उतरव. बाईला हात लावायचा तर लाव."

उमाशंकर दोन पावलं पुढं आला, थांबला, मागं गेला. जोडीदारांनी एकमेकांकडं बघितलं. ऊन कडक होतं, कडबा टोचत होता. निकिताच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तिनं पदरानं पुसलाही नाही. आतून पिल्लांचा आवाज येत राहिला, त्यांना वर काय चाललंय याची काहीच खबर नव्हती.

कुणीतरी प्रेमाबाईंना कळवलं होतं. त्या गुडघा धरत धरत आल्या. पुतण्याकडं बघितलं, मग कडब्यावरच्या निकिताकडं.

"किती येळ बसणार हाईस अशी?"

"पाडव्यापर्यंत."

"जेवणाचं?"

"आई देईल."

प्रेमाबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. मग त्या ढिगाऱ्याला टेकल्या, हात पुढं केला आणि म्हणाल्या, "धर, मला बी वर घे. पाय लई दुखत्यात."

निकितानं त्यांना वर ओढून घेतलं. उमाशंकर बघतच राहिला. "काकी, तुमी बी?"

"म्या सरपंच हाय. माझ्या गावच्या बारवेवर कुणी बसंल, कुणी जाळंल, ते म्या ठरवीन."

तेवढ्यात ओढ्याकडून घुंगरांचा आवाज आला. श्रीमंत कळप घेऊन येत होते. ते बांधाखाली थांबले, दोन्ही हात काठीवर टेकले. मुलीकडं त्यांनी बघितलं नाही.

"उमाशंकर, माझं कोकरू गेलं तवा तू आला व्हतास का रं धूर कराया?"

"न्हाय तात्या. पण..."

"माझी जखम, म्या सोसतोय. लांडग्यावर माझा राग हाय, त्यो जायचा न्हाय. पर ही पोरगी रोज माझ्या मेंढरामागं उन्हात फिरतीय, तुझ्या दारात कूड घालतीय. आपुन दोघांनी तिच्या कामाला काय कमी पडलं ते सांगावं. सांग, काय कमी हाय तुझ्या दारात?"

उमाशंकर काडेपेटी हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "उजेड. अंगणात उजेड न्हाय. खांबावरचा दिवा कवाच गेलाय."

"उद्या लागंल," प्रेमाबाई कडब्यावरूनच म्हणाल्या. "लागला न्हाय तर परवा तूच मला हितनं खाली वढ."

उमाशंकरनं काडेपेटी खिशात टाकली आणि एक पेंढी उचलून ट्रॅक्टरकडं निघाला. जोडीदारांनी बाकीच्या उचलल्या. उतरताना प्रेमाबाईंना तिघांनी मिळून हात दिला.

संध्याकाळी घरी श्रीमंत जेवायला बसले आणि ताटावरून मान न उचलता म्हणाले, "निके, उद्या कळप वरच्या अंगाला न्यायचा. बारवेकडं न्यायला नगं." कित्येक दिवसांनी ते तिच्याशी बोलले होते. निकितानं फक्त व्हय म्हटलं.

शिवरात्रीला मिनीबस आली नाही. एक जीप आली. आण्णासाहेब आणि त्यांच्याबरोबर मोजकी माणसं. निकिताला वाईट वाटलं, पण तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तिनं त्यांना पूर्वेच्या पायऱ्या दाखवल्या, हंस दाखवले, माळ धरलेली मूर्ती दाखवली. पश्चिमेकडं सुतळी बांधली होती, तिच्यापुढं कुणी गेलं नाही. वीरगळाशी धुणं धुणारी वहिनी स्वतः उभी राहून घोडा दाखवत होती. उमाशंकरच्या अंगणात सगळ्यांनी भजी खाल्ली. संध्याकाळी प्रेमाबाईंनी वरच्या पायरीवर दिवा ठेवला. महादेव अजून सापडला नव्हता, तेव्हा दिवा नुसत्या बारवेला.

परत निघताना आण्णासाहेब जीपशी थांबले. टेकाडाच्या कडेनं लांडगीण चालली होती, तोंडात काहीतरी धरून. सगळे जागच्या जागी उभे राहिले. ती गवतात उतरली, पुन्हा दिसली आणि बांधाआड गेली.

"मी एवढी वर्षं जिल्हा हिंडलो," आण्णासाहेब हळू आवाजात म्हणाले, "पण हे कधी पाहिलं नव्हतं. पुन्हा कधी येऊ?"

"मावळतीकडचं निघाल्यावर या," निकिता म्हणाली.

शिमगा झाला. एका सकाळी गार्डबाई येऊन दुर्बिणीतून बघून गेल्या आणि म्हणाल्या, तीन पिल्लं आईमागं वरच्या डोंगराकडं गेली. चौथ्याचं काय झालं ते कुणाला कळलं नाही. निकिता दोन दिवस ते शोधत फिरली, मग थांबली. त्या काळात श्रीमंतांची एक मेंढीही गेली होती. त्यांनी ते तेवढंच सांगितलं.

पाडव्यानंतर सगळं गाव पुन्हा बारवेवर जमलं. भगदाड आतून साफ करायला निकिता पुढं झाली. आत उग्र वास होता. हाडं होती, लोकरीचे पुंजके होते. श्रीमंत तिच्या मागून वाकून आत आले. त्यांनी एक लहानसा खूर उचलला, उलटापालटा करून बघितला आणि बाहेर नेऊन हिवराखाली मातीत पुरला. मग परत आले, फावडं घेतलं आणि म्हणाले, "सरक. तुला नीट खांदता येत न्हाय."

बापलेक शेजारी शेजारी खणत राहिले. गाळाचा थर सुटला तशी मागची भिंत दिसायला लागली. तिच्यावर नाचणाऱ्या बायका होत्या, एकीच्या हातात मृदंग, एकीच्या पायाशी हरीण. खाली एक देवळी, अर्धी मातीत. निकितानं हातानं माती ओढली. आत काहीतरी गोल, थंड, गुळगुळीत लागलं.

"काकू!" तिनं हाक मारली. "काकू, हिकडं या!"

प्रेमाबाई येईपर्यंत तिनं तिथून हात काढला नाही. प्रेमाबाई ओणव्या झाल्या, चाचपडत हात आत घातला आणि डोळे मिटून घेतले.

"हाय," त्या म्हणाल्या. "सासू खरं बोलत व्हती."

बाहेर बायकांनी घमेली खाली ठेवून गलका केला. उमाशंकर मुलीला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरला. श्रीमंत मात्र खणायचे थांबले नाहीत, कारण पायाखालचा गाळ आता ओला लागत होता आणि त्यांना पाणी कुठून येतंय ते बघायचं होतं.